दोन ताऱ्यांचा रूट

माझा नवरा लीलँड कुबिचेक बत्तीस वर्षं मालगाडीचा ड्रायव्हर होता, आणि गेली दोन वर्षं तो आमच्या तळघरात मालगाडीचा ड्रायव्हर आहे. हसू नका. मीही आधी हसले होते.

आमचं बेल्को गाव नेब्रास्काच्या पार पश्चिमेला आहे. एक यार्ड, दोन चर्च, धान्याची एक उंच कोठी, आणि उरलेलं सगळं वारा. इथे अर्ध्या घरांत रेल्वेची माणसं राहतात आणि उरलेल्या अर्ध्यांत त्यांना नावं ठेवणारी. मालगाडीला वेळापत्रक नसतं. कोळसा भरला, गहू भरला, की गाडी निघाली. ती निघायच्या दीड तास आधी घरी फोन येतो आणि ड्रायव्हरने यार्डात हजर व्हायचं असतं. सकाळी येईल, जेवताना येईल, मुलीच्या वाढदिवसाचा केक कापताना येईल. म्हणजे बत्तीस वर्षं आम्ही दोघं मिळून घरापासून दीड तासापेक्षा लांब कधी गेलोच नाही. लांब म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचं घर. ते दोन तासांवर आहे. मी तिच्याकडे एकटी जायचे आणि परत येईपर्यंत जीव टांगणीला लागलेला असायचा.

आमची एकुलती एक रेने झाली तेव्हा लीलँड लाइनच्या दुसऱ्या टोकाला, कंपनीच्या लॉजवर परतीच्या गाडीची वाट बघत पडला होता. नर्सने फोनवर सांगितलं, मुलगी झाली. हा म्हणाला, बरं, ॲर्डिसला सांगा गाडी मिळाली की येतो. गाडी मिळाली एकोणीस तासांनी. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, खूप रडले. नंतर रडणं सोडून दिलं, कारण ते पालथ्या घड्यावर पाणी होतं. घडा वाईट नव्हता हो. फक्त पालथा होता.

सत्तावन्नाव्या वर्षी त्याला इन्सुलिन सुरू झालं आणि कंपनीच्या डॉक्टरने त्याला इंजिनावरून उतरवलं. एका सहीत. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच आठवड्यात मी स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन काढून टाकला. स्क्रू स्वतःच्या हाताने काढले. भिंतीला जे भोक पडलं त्यावर कॅलेंडर टांगलं. आता हवं तिथे जायचं, हवं तेव्हा जायचं, असं मी त्या कॅलेंडरला मोठ्याने सांगितल्याचं मला आठवतंय.

त्या वर्षीचा नाताळ आला आणि रेनेने ॲरिझोनाहून खोका पाठवला. त्यात रेल्वे चालवायचा कॉम्प्युटरचा खेळ, मोठा पडदा आणि टेबलाला लावायचे खरेखुरे लिव्हर. जावई ऑस्करने चिठ्ठी लिहिली होती, बाबांचा वेळ जाईल. गेला की! सगळाच गेला. या खेळात पहिला एक रूट फुकट मिळतो. बाकीचे रूट, इंजिनं, मालाच्या वाघिणी, सगळं वेगळं विकत घ्यायचं असतं. त्याला ॲड-ऑन म्हणतात. भांडं स्वस्त आणि झाकण महाग, अशातली गत.

आता दुसरी माणसं हा खेळ कशी खेळतात? अर्धा तास खेळतात, पॉज करतात, जेवतात, परत येतात. आमचे हे महाशय मालगाडीत बसले की मुक्कामाला पोहोचेपर्यंत उठत नाहीत. चार तास, सहा तास.

"अरे, पॉज दाब आणि वर ये. सूप निवतंय."

"रुळावर पॉज नसतो, ॲर्डिस."

"तुझं ढुंगण खुर्चीवर आहे, रुळावर नाही!"

"एकशे तीस वाघिणी आहेत मागे," तो म्हणायचा. जणू मीच त्या ओढायला लावल्या होत्या.

मग गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. चर्चच्या जत्रेसाठी आम्ही बायका कोलाची करत होतो, जर्दाळूचा मुरंबा भरलेले गोड पाव. चार तास लागले. घरी आले तर तळघरातून इंजिनाचा आवाज येत होता आणि लीलँड खुर्चीखाली पडला होता. घामाने थबथबलेला, डोळे उघडे, पण त्यात तो नव्हता. इन्सुलिन घेतलेलं, खाल्लेलं काही नाही, साखर पार तळाला. मी हातातल्या कोलाचीतला मुरंबा बोटाने त्याच्या गालाच्या आत चोळला. वीस मिनिटांनी तो मला ओळखून म्हणाला, "गाडी कुठे थांबली?"

त्यानंतर डॉक्टरने त्याच्या दंडावर बटणाएवढा सेन्सर लावला. साखरेचा आकडा त्याच्या फोनवर जातो, आणि तिथून माझ्या फोनवर येतो, शेजारी एक बाण. बाण सरळ म्हणजे ठीक, खाली म्हणजे साखर उतरतेय. बाण बदलला की फोन थरथरतो, सत्तरच्या खाली गेली की बोंबलतो. तेव्हापासून मी बाजारात गेले तरी फोन हातात. चर्चमध्ये मांडीवर. कुठे गेलेच तर वीस मिनिटांच्या आत परत येता येईल असं बघायचं. पूर्वी दीड तासाचं दावं होतं, आता वीस मिनिटांचं झालं. आगीतून फुफाट्यात.

जानेवारीत रेनेचा फोन आला. तिला चौतिसावं चालू होतं, आठ वर्षं दवाखाने करून हे पहिलं बाळ. मार्चची अकरा तारीख दिली होती.

"आई, बाळंतपणाच्या खोलीत दोन माणसं चालतात. ऑस्कर आहे. तू येशील ना?"

"बाबांना बघते, मग..."

"आई, बाबा येणार नाहीत हे मला माहीत आहे. माझं त्याबद्दल काही म्हणणंही नाही आता. पण तू तरी ये."

त्या 'तू तरी'ने माझ्या काळजाचं पाणी झालं. मी हो म्हणून टाकलं. डेन्व्हरहून विमानाचं तिकीटही काढलं, नऊ मार्चचं.

आता लीलँडचं काय करायचं? बरोबर चल म्हटलं, तर म्हणाला, "विमानात पुढचं काही दिसत नाही. मी बसत नाही." समोरच्या बर्नेटा व्होटावाकडे जेवायला जा म्हटलं, तर म्हणाला, "तिच्या तोंडाचा पट्टा ऐकत जेवण्यापेक्षा उपाशी राहीन." नर्स ठेवू म्हटलं. त्यावर नुसतं बघितलं. ते बघणं तुम्ही बघितलेलं नाही, म्हणून सांगत नाही.

घड्याळाचा गजर लावून पाहिला, तो बंद करून गाडी चालवत राहिला. पॉज तो दाबणार नाही. माणूस वाकणार नाही. मग मी विचार केला, रूटच वाकवू.

त्याच सुमाराला ॲड-ऑनचा सेल लागला होता. लीलँडने मालगाडीचे दोन रूट निवडून ठेवले होते आणि दोन आठवडे त्याचा जीव दोन्हींत अडकला होता. एक स्टॅगहॉर्न घाटाचा, पुढे तीन इंजिनं, मागे ढकलायला दोन, चार तास नुसता चढउतार. दुसरा ब्लॅकटेल कोळसा लाइन, दुहेरी मार्ग, सहा तास सुसाट.

"या वेळी रूट मी निवडणार," मी म्हणाले.

तो हसला. खूप दिवसांनी हसला. "तुला काय कळतं त्यातलं?"

"बत्तीस वर्षं तुझा डबा मी भरलाय. कुठल्या लाइनवरून डबा रिकामा आला आणि कुठल्या लाइनवरून भरलेला तसाच, हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही. घाटातून डबा तसाच यायचा. कोळशाच्या लाइनवरून सँडविचला एक चावा. आणि उत्तरेची ती जुनी एकेरी लाइन होती ना, तिच्यावरून डबा चाटूनपुसून."

त्याने माझ्यावरची नजर काढून पडद्याकडे वळवली. "बरं, निवड," म्हणाला. "वाढदिवसाची भेट समजतो."

माझं डोकं असं चाललं होतं, बघा. एकेरी लाइनवर समोरून गाडी आली की आपल्याला बाजूच्या जादा रुळावर, म्हणजे लूपमध्ये, शिरून उभं राहावं लागतं. क्रॉसिंग होईपर्यंत लाल सिग्नल. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. तेवढ्यात माणूस उठेल, बोट टोचेल, चार घास खाईल. मला डोंगर नको, बर्फ नको, नवं कोरं इंजिन नको. मला थांबे हवे होते.

मग मी चष्मा लावून स्वयंपाकघरात बसले आणि सगळ्या मालगाडीच्या रूटांवरचे शेरे वाचून काढले. देवा, काय एकेक माणसं! इंजिनाच्या आवाजावर तीन पानं. वाघिणीवरच्या गंजाचा रंग चुकला म्हणून शिव्या. पण गाडी किती वेळ उभी राहते, हे एकजण लिहील तर शपथ. शेवटी त्यांच्या चर्चेच्या पानावर मीच लिहिलं: "मालगाडीचा असा रूट सुचवा जिथे सारखं थांबावं लागतं. जितकं जास्त तितकं चांगलं. आपली, कुबिचेकची बायको."

पहिलं उत्तर आलं, "बाई, लोक गाडी पळवायला पैसे देतात, उभी करायला नाही."

दुसरं, "उभी गाडी बघायची असेल तर आमच्या यार्डात या, फुकट आहे."

तिसऱ्याने विचारलं, नवऱ्याला शिक्षा द्यायची आहे का. मी लिहिलं, नाही, नवऱ्याला जेवायला घालायचं आहे. आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, नोव्हेंबरातलं सगळं लिहिलं. त्यानंतर थट्टा थांबली. मिनेसोटाच्या एका निवृत्त सिग्नलवाल्याने चार रूट स्वतः चालवून बघितले आणि मला यादी पाठवली: कुठे किती लूप, कुठे किती मिनिटं. त्यातला एक होता कॅटेल क्रीक. गव्हाची गाडी, एकशे शेहेचाळीस मैल, एकेरी मार्ग, अकरा लूप, त्यांतल्या सात ठिकाणी पंचवीस ते चाळीस मिनिटं थांबा. पाचांपैकी दोन तारे होते त्याला. एका शेऱ्यात लिहिलं होतं, "अर्धा जन्म लाल दिवा बघण्यात जातो. पैसे परत द्या."

मला तर सोन्याची खाण सापडली. एकोणीस डॉलर भरले आणि टाळ्या वाजवल्या, स्वयंपाकघरात एकटीनेच. बर्नेटाला फोन करून सांगितलं.

"म्हणजे तू मुद्दाम वाईटातला वाईट घेतलास?" ती म्हणाली.

"मुद्दाम."

"लग्नाच्या वेळीही असंच शोधलं होतंस का गं?"

फेब्रुवारीच्या शेवटी लीलँडने कॅटेल क्रीक चालवायला घेतला. मी पायऱ्यांवर बसले, मांडीवर फोन, शेजारी ताट. ताटात रन्झा होता, कोबी आणि खिमा भरलेला पाव, त्याच्या आवडीचा. पहिल्या लूपला गाडी शिरली, हळू झाली, थांबली. समोर लाल. मी मनात म्हटलं, ऊठ आता. तो उठला नाही. हात लिव्हरवर, डोळे सिग्नलवर. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझ्या फोनवर एकशे दहा होते, त्याचे शंभर झाले.

"लीलँड, थांबला आहेस ना? जेवून घे."

"हिरवा होईल."

"अजून अर्धा तास होत नाही. त्या माणसाने मोजलंय!"

"होईल कधीही."

पडद्यावर गवत हलत होतं. समोरची गाडी यायचं नाव नव्हतं. अठ्ठ्याण्णव. ब्याण्णव. रन्झा थंडगार. शेवटी ती मेली गाडी आली, धडधडत गेली, सिग्नल हिरवा झाला आणि आमचा ड्रायव्हर निघाला, पोटात अन्नाचा कण नसताना. दुसऱ्या लूपला तेच. सत्त्याऐंशीवर मी खाली गेले आणि रसाचा ग्लास त्याच्या तोंडाला लावला. तो प्यायला, पण डोळे हलले नाहीत.

माझा तोल गेला. "हा खेळ आहे! तिकडे कुणी बसलेलं नाही रे! तू उठलास आणि हिरवा झाला, तर दोन मिनिटं उशीर होईल, एवढंच! कोण विचारणार आहे तुला?"

"माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "खेळ आहे हे मला माहीत आहे. पण लाल असताना उठवत नाही, ॲर्डिस. पाय उठत नाहीत."

"मग उत्तरेच्या लाइनवर कसे उठत होते? तिथून डबा रिकामा यायचा. चाटूनपुसून!"

आता त्याने मान वळवली. कानशिलं लाल झाली होती. "तो डबा बड खायचा."

बड म्हणजे इंजिनातला त्याचा साथीदार, बड स्लाडेक. आठ वर्षांपूर्वी वारला. त्याच्या मयताला मी कोलाचीचे चार ट्रे नेले होते.

"उभ्या गाडीत एकाने सिग्नलवर डोळा ठेवायचा असतो," लीलँड म्हणाला. "तो मी ठेवायचो. बड जेवायचा. तुझ्या हातचं त्याला फार आवडायचं. तू दरवेळी विचारायचीस, आवडलं का, मी हो म्हणायचो. आवडायचंच की त्याला."

मी पायरीवर बसून हसायला लागले. हसता हसता रडायला लागले, ते काही थांबेना. बड स्लाडेकच्या पोटासाठी मी पहाटे उठून पाव भाजले होते, आणि त्याच्याच ढेकरांवर भरवसा ठेवून माझ्या मुलीचं बाळंतपण ठरवलं होतं. असा हात दाखवून अवलक्षण जगात कुणी केलं नसेल.

चार दिवस तसेच गेले. रूट परत करता येत नव्हता, आणि केला असता तरी कुठला घेणार होते? जिथे गाडी थांबत नाही तिथे तो जेवत नाही, आणि जिथे थांबते तिथेही जेवत नाही. मी तिकिटाचा कागद काढायचे, घडी घालायचे, परत ठेवायचे. रेनेला फोन करून सांगायचं म्हणून तीनदा नंबर लावला आणि तीनदा बाळाच्या कपड्यांबद्दलच बोलले.

सात तारखेला सकाळी लीलँड अंडी खाताखाता म्हणाला, "तू जा."

"आणि तू?"

"मी बघतो. काढलीय एक वाट."

"कसली वाट?"

"आहे. नियमात बसते." एवढंच. बत्तीस वर्षं ज्या माणसाने मला गाडीचं काही सांगितलं नाही, तो आता काय सांगणार?

माझा विश्वास बसला नाही. तरी गेले. नऊ तारखेला भाताच्या खिरीचे सहा डबे फ्रीजमध्ये लावले, बर्नेटाला किल्ली दिली, आणि लीलँडकडून वचन घेतलं की फोन चालू ठेवीन आणि जवळ ठेवीन. त्याने मान हलवली. डेन्व्हरपर्यंत चार तास मी एकटीने गाडी चालवली. एवढ्या लांब एकटी कधीच गेले नव्हते. विमानात फोन बंद करायला सांगितला तेव्हा मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि शेजारच्या बाईला वाटलं मला उंचीची भीती वाटते.

अकरा तारखेला सकाळी रेनेला कळा सुरू झाल्या. आम्ही टूसॉनच्या दवाखान्यात पोहोचलो. मी तिचा हात धरला. तिने तो इतक्या जोरात दाबला की अंगठी रुतली, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. ऑस्कर एका बाजूला, मी एका बाजूला. "आई, तू इथे आहेस," ती म्हणाली. दोनदा म्हणाली.

आता माझं पाप सांगते. त्या सकाळपासून दोन तासांत मी लीलँडला सात फोन केले होते. आकडा एकशे वीस असताना केले, एकशे पाच असताना केले. जेवलास का? काय करतोस? कुठल्या लूपला आहेस? पहिल्या चारांना तो बोलला. पाचव्याला म्हणाला, "ॲर्डिस, मी ड्युटीवर आहे." सहावा वाजत राहिला. सातवा मध्येच कापला.

मग मी रेनेचा हात धरलेला असताना खिशात फोन थरथरला. मी एका हाताने काढून बघितला. चौऱ्याहत्तर, बाण तिरका खाली. आणि मी बघत असताना आकडा पुसला गेला. त्या जागी नुसती रेघ. त्याच्याकडून काहीच येत नव्हतं.

"आई?" रेने म्हणाली.

"आलेच, एक मिनिट."

मी दाराबाहेर गेले. लीलँडचा फोन बंद. परत लावला. बंद. घरात दुसरा फोन नव्हता, मीच स्क्रू काढून फेकला होता. बर्नेटाला लावला, ती केस सेट करायला पार्लरमध्ये गेलेली.

"अगं, डोक्याला पंचवीस कर्लर आहेत माझ्या!"

"बर्नेटा, तशीच जा! पळ! तो पडला असेल!"

ती गेली, मोठ्या मनाची बाई. कर्लरांसकट, थंडीत. मी फोन कानाला लावून उभी राहिले. तिचं धापा टाकणं ऐकू येत होतं, गाडीचं दार, मग काहीच नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती खुर्ची आणि तिच्याखाली तो. दार उघडून नर्स आली, "आजीबाई, आत या, आता होतंय." मी हाताने सांगितलं, एक मिनिट. ती परत आली, "मॅडम, आत्ता." मी म्हणाले, "आले, आले," आणि उभीच राहिले. दार माझ्यापासून सहा पावलांवर होतं. पाय उठले नाहीत.

"ॲर्डिस," बर्नेटाचा आवाज आला. "अगं, तो स्वयंपाकघरात बसलाय. खीर खातोय. दुसरा डबा."

"काय?"

"तो म्हणतोय, मी गाडी बांधली. वीस वाघिणींचे हँडब्रेक एकेक करून लावले, पडद्यावरच गं, पायी चालत जाऊन. मग नियमाने गाडी सोडून उतरता येतं म्हणे. काल, परवाही असंच करून जेवला. आणि फोन ड्रॉवरमध्ये आहे, बंद. इंजिनात घरचे फोन घ्यायचे नसतात म्हणतोय. थांब, काहीतरी सांगतोय... विचारतोय, बाळ झालं का?"

त्याच क्षणी दारापलीकडे बाळ रडलं. बारीक, चिडका आवाज. दार बंद होतं.

मी आत गेले तेव्हा बाळ रेनेच्या छातीवर होतं. मुलगी, काळ्याभोर केसांची. ऑस्कर रडत होता. रेनेने माझ्याकडे बघितलं.

"कुठे होतीस?"

"इथेच. दाराबाहेर."

"बाबांना काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "जेवतायत."

रेनेने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं," ती म्हणाली.

ते 'बरं' मला ओळखीचं होतं. बाबा शाळेच्या कार्यक्रमाला येणार नाहीत, नाताळला येणार नाहीत, पदवी घेताना येणार नाहीत, असं मी सांगितलं की ती असंच म्हणायची. रागवायची नाही. नुसतं बरं म्हणायची आणि आपल्या कामाला लागायची. इतकी वर्षं ते त्याच्यासाठी होतं.

मला तिची क्षमा मागायची होती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. लीलँडने फोन चालू केला असणार.

मी काढून बघितला. एकशे अठरा, बाण सरळ. बघायला नको होतं, रेने माझ्याकडेच बघत होती. पण बघितलं.